सी, डी आणि नववा रकाना

शिंपीकाकांच्या यकृतात ब प्रकारच्या काविळीचा विषाणू मुक्कामाला होता. त्याला गप्प बसवायचं तर रोज एक गोळी घ्यायला हवी होती. गोळी सरकारी औषध कार्यालयात होती आणि कार्यालय काकांच्या दुकानापासून दहा मिनिटांवर होतं. सगळं इतकं हाताशी असताना गोळी तोंडात पडायला कितीसा वेळ लागणार, असं काकांना वाटलं. काकांनी जन्मभर कपडे शिवले होते, अर्ज कधी भरला नव्हता.

"महिन्याच्या आत सुरू करा," डॉक्टर म्हणाले होते. "यकृत सुजलंय. उशीर झाला तर मग गोळीलाही काही करता यायचं नाही."

अर्ज चार पानी होता. नववा रकाना असा: 'विषाणूचे कूळ (एकच अक्षर लिहावे)'. या विषाणूची दहाएक कुळं आहेत आणि त्यांना इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. काकांच्या तपासणीत मात्र लिहून आलं होतं, 'सी. मधला तुकडा डीचा.'

प्रयोगशाळेतल्या बाईंनी समजावलं. "कधीतरी, कुणाच्या तरी अंगात ही दोन्ही कुळं एकत्र राहिली असणार. तशी राहिली की तुकड्यांची अदलाबदल होते."

"म्हणजे सीच्या शर्टाला डीची बाही."

"बाही नाही, पाठीचा तुकडा," बाई म्हणाल्या. शिंप्याला शिवणातली चूक दाखवणारं माणूस काकांना प्रथमच भेटलं होतं. "गोळी सगळ्या कुळांना एकच आहे, घाबरू नका. पण यंदा असे अकरा सापडलेत. हे वाढतंय का ते कळायला हवं आणि मोजणी अर्जांवरूनच होते, म्हणून अर्जात जसं आहे तसंच लिहा."

औषध कार्यालयाच्या खिडकीत जे गृहस्थ बसत त्यांना सगळे रकानासाहेब म्हणत. त्यांनी नवव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"एकच अक्षर."

"पण दोन्ही आहेत, साहेब."

"दोन असतील तर दोन अर्ज भरा."

"चालतील?"

"नाही. एका माणसाला एकच अर्ज."

काकांनी विचार करून 'सी-डी' असं लिहिलं. मधल्या रेघेमुळे ते एकच वाटत होतं. अर्जावर शिक्का बसला. बारा दिवसांनी दृक्‌श्राव्य विभागाचं पत्र आलं: 'आपला सीडीविषयक अर्ज प्राप्त झाला. सीडी हे माध्यम कालबाह्य झाले असल्याने आपण आपले साहित्य पेन ड्राइव्हवर सादर करावे.'

काकूंनी दुकानातली पिवळ्या दोऱ्याची रिळं आणली आणि एकेक काकांच्या डोळ्यांशी धरून पाहिली. पहिल्या आठवड्यात डोळे लिंबू रंगाच्या रिळाशी जुळत होते, आता एक छटा गडद रीळ लागलं. काकूंनी लिंबू रंगाचं रीळ परत डब्यात टाकलं.

काका पत्र घेऊन पुन्हा खिडकीशी गेले. चूक झाली होती हे रकानासाहेबांनी मान्य केलं, आणि चूक झाली की समिती नेमतात, म्हणून कूळनिश्चिती समिती नेमली गेली. सुनावणीची नोटीस 'श्री. विषाणू, द्वारा शिंपीकाका' अशी आली.

"विषाणू हजर आहेत का?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझ्याबरोबरच आलाय," काका म्हणाले.

लेखनिकाने नोंद केली: 'विषाणू हजर, परंतु मौन.'

"दोन कुळे एकत्र आली तेव्हा कोणाची परवानगी घेतली होती?"

"मला न विचारताच आली ती. साहेब, गोळी सगळ्यांना एकच आहे म्हणतात. मग कूळ कशाला हवं?"

अध्यक्षांनी चष्मा काढला. "गोळी एकच आहे म्हणूनच कूळ काटेकोर हवं. नाहीतर अर्जाअर्जांत फरक काय उरला?"

ठराव झाला की संमिश्र कुळासाठी स्वतंत्र अक्षर मंजूर होईपर्यंत अर्ज प्रलंबित ठेवावा. अक्षर उपसमितीची बैठक पुढच्या तिमाहीत होती. डॉक्टरांच्या महिन्याचे चार दिवस उरले होते.

त्या दुपारी काकूंनी आणलेलं रीळ मोहरीच्या रंगाचं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक पोट आत ओढून माप देतं, तेव्हा तुम्ही वहीत काय लिहिता?"

"टेप सांगते ते."

"आणि कापता किती?"

"दोन इंच जास्त."

"मग अर्जालाही त्याचं माप द्या आणि गोळी घेऊन या. मला तुम्ही हवे आहात."

काकांनी जुना अर्ज मागे घेतला आणि नव्या अर्जावर 'सी' लिहिलं. रकानासाहेबांचा चेहरा उजळला. "बघा, किती सोपं होतं." गोळ्या चौथ्या मिनिटाला हातात पडल्या. दोन-तीन महिन्यांत डोळे पांढऱ्या रिळाशी जुळले आणि काकूंनी पिवळी रिळं कपाटात मागे सारली.

वर्ष संपल्यावर प्रयोगशाळेतल्या बाई नवा ॲप्रन शिवायला दुकानात आल्या. त्यांनी पर्समधून वार्षिक अहवालाचं पान काढून काकांपुढे धरलं. 'संमिश्र कूळ: शून्य. सबब संमिश्र कुळाची तपासणी बंद करण्यात येत आहे.'

"अकरा होते ना?" काकांनी विचारलं.

"नऊ जणांनी सी लिहिलं, दोघांनी डी. तुम्ही?"

काकांनी टेप उलगडली, पुन्हा गुंडाळली. "मला गोळी हवी होती, बाई."

"हवीच होती," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, याचंच काकांना जास्त लागलं. मग माप द्यायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी हळूच पोट आत ओढलं. काकांनी टेप सांगेल ते वहीत लिहिलं.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. तुम्ही शेवटचा अर्ज भरलात तेव्हा नवव्या रकान्यात काय लिहून आलात, तेही आम्ही विचारत नाही. माप घेऊन झालं आहे, आता पोट सोडलंत तरी चालेल.