श्रीपाल आण्णांनी बांधलेली जाळी

आमच्या शेजारचे श्रीपाल आण्णा चप्पल काढली की ती सुतळीनं दाराच्या कडीला बांधतात. माधवनगरात कुत्री चपला पळवतात हे खरं, पण आण्णांची चप्पल इतकी झिजलेली आहे की कुत्र्यानं नेलीच तर दुसऱ्या दिवशी आपणहून आणून टाकेल. बरं, एक गाठ मारून भागावं की नाही? दोन मारतात, मग ओढून बघतात. दोन कशाला, असं मी एकदा विचारलं. आण्णा माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी लहान पोरगीच आहे.

"सुटलं म्हंजे?"

हे दोन शब्द म्हणजे अख्खे आण्णा. त्यांची गॅसची टाकी खिडकीच्या गजाला बांधलेली. पंखा हुकाला आहेच, शिवाय यंत्रमागावरच्या सुती दोरीनं वाशालाही. चष्मा मानेला, किल्ली करदोड्याला, स्कूटी लिंबाच्या झाडाला. कुकर लावला की स्वतः अंगणात येऊन उभे राहतात आणि तिसरी शिट्टी झाली की आमच्या दाराकडं बघून "झाली" म्हणतात. म्हणजे आज सगळे वाचलो. मी घरातच ब्लाउज शिवते, त्यामुळं मशीनवर बसल्या बसल्या हा रोजचा खेळ मला फुकटात दिसतो.

त्यांची बहीण शिराळ्याला दिलेली. नागपंचमीला भावानं गेलंच पाहिजे, म्हणून आण्णा जातात, पण पॅंटचे पाय घोट्याशी दोरीनं आवळून. आता तिथं खरे नाग धरायला बंदी आहे, मिरवणुकीत मातीचे असतात, हे मी त्यांना दरवर्षी सांगते. आण्णा म्हणतात, मातीचा हाय हे तुमाला ठावं, मला ठावं, पण खऱ्या नागाला कुणी सांगितलंय? आणि बहिणीच्या पलंगावर दिवसभर पाय वर घेऊन बसतात. पुरणपोळीसुद्धा तिथंच.

अशा माणसाच्या पोटी पद्मा जन्मली. आई ती दुसरीत असताना गेली, तेव्हापासून आण्णांनीच वाढवलं. घरातली सगळी भीती बापानं एकट्यानंच वापरून टाकल्यामुळं पोरीच्या वाट्याला काही उरलीच नसावी. सांगलीला कॉलेजात गेली आणि तिथल्या खेळाच्या सरांनी लॅक्रॉस नावाचा खेळ सुरू केला. आम्हाला वाटलं, काहीतरी नाचाचा प्रकार असेल. पद्मानं स्टिक आणून दाखवली. लांब दांडा, टोकाला जाळी. जाळीत कडक रबरी चेंडू झेलायचा, पळायचं आणि गोलात फेकायचा. आण्णांनी चेंडू हातात घेऊन दाबून बघितला. दबला नाही. तिथंच त्यांचा चेहरा उतरला.

"आनि ह्यो फेकल्यावर तू कुठं असतीस?"

"गोलात," पद्मा म्हणाली. "आडवायला."

गोलकीपर! एवढ्या खेळात नेमकी चेंडूसमोर उभं राहायची जागा पोरीनं मागून घेतली होती. आण्णा दोन दिवस जेवले नाहीत. मग साताऱ्याला देशाच्या संघाचं शिबिर लागलं, तेव्हा एसटीनं तिच्याबरोबर गेले आणि मैदानाच्या कडेला स्कूटीचं हेल्मेट घालून तीन तास बसले. पोरी हसल्या. सर येऊन म्हणाले, काका, इथपर्यंत चेंडू येत नाही. आण्णांनी काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको.

तर ह्या पोरींच्या संघाचं असं झालं. देशाच्या नावानं पहिल्यांदा परदेशात गेल्या, तेव्हा सपाटून मार खाल्ला. समोरच्या पोरी शाळेपासून खेळलेल्या, आमच्यातल्या दोघींनी हिरवळीचं मैदान तिथंच पहिल्यांदा बघितलेलं. पुढच्या वेळी एका सामन्यात एकाच गोलानं हरल्या, तर पद्मा फोनवर जिंकल्यासारखी नाचत होती. त्याच्या पुढच्या वेळी, ज्यांनी आधी धुऊन काढलं होतं त्यांनाच हरवून आल्या. यंदा पेपरात दोन ओळी आल्या की ह्या पोरी पदक आणतील. माधवनगरच्या चौकात पद्माचा फोटो लागला. आणि ह्या सगळ्या चढत्या कमानीत आण्णांची भीतीही वरवर चढत गेली.

"आधी हरत हुत्या तेच बरं हुतं, वैनी," मला म्हणाले. "हरलं की लवकर घरी येत्यात. आता म्होरच्या पोरी लय जोरात मारनाऱ्या भेटत्यात."

पण एक गोष्ट त्यांनी केली. गोलकीपरची जाळी टोपलीएवढी मोठी असते आणि चेंडूच्या मारानं तिच्या कडेच्या दोऱ्या सारख्या निसटायच्या. आण्णांनी एकदा त्या गाठी चष्मा लावून बघितल्या आणि हबकलेच. असल्या गाठीच्या भरवशावर तू उभी ऱ्हातीस? अख्खी जाळी सोडून त्यांनी परत बांधली, मेणाची सुती दोरी घेऊन, मागावर तुटलेला धागा जोडतात तशी. आण्णांची तीस-पस्तीस वर्षं यंत्रमागावर गेलेली. मागावरची गाठ बारीक लागते, तिची दोन्ही टोकं अगदी मुळाशी छाटायची, म्हणजे ती मागाच्या फणीच्या दातांतून अडकल्याशिवाय जाते. त्यासाठी आण्णांच्या गळ्यात करंगळीएवढी कात्री असते. गाठ मारायची, कट कट छाटायचं, वरून अंगठा फिरवायचा.

"अंगठ्याला लागली तर ती गाठ न्हवं," हे त्यांचं दुसरं वाक्य.

ती जाळी वर्षभर टिकली. मग इतर पोरींच्या स्टिका यायला लागल्या, साताऱ्याहून, पुण्याहून. आण्णांच्या ओसरीवर सुताच्या लडी वाळत घालाव्यात तशा स्टिका टांगलेल्या. माणूस जरा ताठ चालायला लागला. मीही चिडवायची, आण्णा, आता तुम्हालाच संघात घेतील.

यंदा स्पर्धेला निघायच्या आधी सरांनी नवी दोरी पाठवली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, वजनाला काही नाही. पावसात भिजत नाही म्हणे. आण्णांनी दोन दिवस बसून पद्माची जाळी त्या दोरीनं बांधली, एकेक गाठ ओढून बघितली, एकेक टोक छाटलं. पोरगी परदेशी गेली.

ती जाऊन चार दिवस झाले असतील. मी आण्णांना म्हटलं, उरलेल्या दोरीचा तुकडा द्या, शिवलेले ब्लाउज टांगायला खिळ्याखिळ्यात बांधते. त्यांनी स्वतः येऊन बांधली. दोन तुकडे जोडले, टोकं छाटली, ओढून बघितलं. मी ब्लाउज टांगले. दुपारी चहा ठेवून बाहेर आले तर सगळे ब्लाउज जमिनीवर. मला काहीच वाटलं नाही, मी उचलायला वाकले. आण्णा ओसरीतून बघत होते. आले, दोरी उचलली. दोन टोकं दोन हातांत. तुटली नव्हती. गाठीतून नुसती सरकून आली होती.

"सुटलं," आण्णा म्हणाले.

इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून प्रश्नाशिवाय मी पहिल्यांदा ऐकला. सुती दोरी खरबरीत, ती गाठीत चावून बसते. ही गुळगुळीत. हिची टोकं लांब ठेवायला पाहिजे होती आणि आण्णांनी ती मुळाशी छाटली होती. एक नाही, अख्ख्या जाळीभर.

मी म्हटलं, फोन करा आणि सांगा. आण्णांनी फोन लावला. पद्मा बोलायला लागली तशी त्यांनी विचारलं, जेवलीस का? काय हुतं? बरं. आणि ठेवला.

"सांगितलं तर भिनार ती," मला म्हणाले. "माज्यासारखी भ्यालेली पोरगी त्या गोलात उभी करू? आनि न्हाई सांगितलं तर..."

मग तिथंच माझ्या मशीनजवळ बसून त्यांनी जे सांगितलं, ते बारा वर्षं शेजारी राहून मला माहीत नव्हतं. आण्णा विशीत होते. शेजारच्या मागावर बाळू म्हणून त्यांचा जिवाभावाचा दोस्त. एकदा आण्णांनी घाईत धागा जोडला आणि टोकं छाटायची राहिली. ती टोकं बाजूच्या धाग्यांत गुंतली, धोटा, म्हणजे मागात इकडून तिकडं धावणारा टोकदार लाकडी तुकडा, उसळून बाहेर आला आणि बाळूचा उजवा डोळा गेला. बाळू कधी काही बोलला नाही. पुढं गावाकडं गेला, तिथंच वारला. कात्री त्या दिवसापासून आण्णांच्या गळ्यात आहे.

"टोकं ठिवली म्हनून त्याचा डोळा गेला," आण्णा म्हणाले. "आनि आता टोकं छाटली म्हनून पोरीचा..."

तोंडावर जाळी असलेलं हेल्मेट असतं तिला, असं मी म्हटलं. ते मलाच पटलं नाही. सामन्याआधीच्या दोन दिवसांत आण्णा जैन बस्तीत देवापुढं जाऊन बसायचे, घरी येऊन त्या दोरीच्या तुकड्यांना गाठी मारून ओढत बसायचे. काही टिकायच्या, काही सरकायच्या. कुठली टिकेल ते त्यांनाही ओळखता येईना.

पदकाचा सामना दुपारी होता. माझ्या फोनवर बघायचं ठरलं. आण्णा हेल्मेट घालून आले आणि फोनकडं पाठ करून बसले. मी बघायचं आणि सांगायचं. मशीनचं चाक त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं. पोरी काय पळत होत्या! एक गोल आमचा, एक त्यांचा, असं चाललं होतं. मी नुसतं आडवला, आडवला एवढंच म्हणायची. गेलेले दोन गोल मी सांगितलेच नाहीत, देव मला क्षमा करो. शेवटी आम्ही एका गोलानं पुढं आणि चेंडू त्यांच्याकडं. पद्मानं खेळ थांबलेला बघून स्टिक छातीशी घेतली आणि जाळीत बोटं घातली.

"काय करतीय?" आण्णांनी विचारलं.

"ओढून बघतीय."

"बघू दे," आण्णा म्हणाले. "बघू दे तिला."

मग समोरच्या त्या उंच पोरीनं धावत येऊन जो चेंडू मारला तो मला दिसलाच नाही. मीही डोळे मिटले होते. डोळे उघडले तेव्हा चेंडू पद्माच्या जाळीत होता आणि बाकीच्या पोरी तिच्या अंगावर पडत होत्या. देशाच्या ह्या संघाचं पहिलं पदक. मी आण्णांच्या हेल्मेटवर थापा मारत होते आणि आण्णा एकच विचारत होते, जाळी ऱ्हायली का? जाळी ऱ्हायली का?

पद्मा यायच्या दिवशी आण्णा सकाळपासून सांगलीच्या स्टॅंडवर जाऊन उभे राहिले, आणि ती मैत्रिणीच्या गाडीतून सरळ घरी आली. घराला कुलूप, म्हणून माझ्याकडं. पदक माझ्या गळ्यात घातलं, पाणी प्यायली आणि हळूच म्हणाली, काकू, एक सांगते, आण्णांना बोलू नका. पहिल्याच सरावात जाळी एका बाजूनं सुटली होती. चेंडू खांद्यावर लागला. तिनं सगळी जाळी सोडून स्वतः परत बांधली. आण्णांचीच गाठ, लहानपणापासून बघून बघून येत होती, फक्त दोरीला एक वेढा जास्त दिला आणि टोकं लांब ठेवली.

"त्यांना कळलं तर परत कधी बांधायचे नाहीत," ती म्हणाली.

तेवढ्यात आण्णा आलेच. पोरीला बघितलं, खांद्याला हात लावला, नेमका दुखऱ्या. तिनं हूं का चूं केलं नाही. पदकाकडं त्यांचं लक्षच नव्हतं. भिंतीला टेकवलेली स्टिक उचलली आणि जाळीवरून अंगठा फिरवला.

मी शिवणारी बाई. मला दाराशी उभं राहूनसुद्धा दिसत होती ती लोंबणारी टोकं, बोटाबोटाएवढी. आण्णांचा अंगठा पहिल्या गाठीवर अडला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. सगळी कड फिरून आला. पद्मानं माझ्याकडं बघितलं, मी मशीनकडं बघितलं.

"वडून बघा की आण्णा," ती म्हणाली.

आण्णांनी ओढून बघितलं. जाळी हलली नाही. त्यांचा हात सवयीनं गळ्यातल्या कात्रीकडं गेला, कात्री एका टोकाजवळ आली, उघडली. इतका वेळ ती तशीच उघडी राहिली की मला वाटलं, आता मीच काहीतरी बोललं पाहिजे. मग आण्णांनी कात्री मिटली.

"बरोबर हाय," म्हणाले. "माजीच गाठ हाय."

पद्मा आंघोळीला गेली. आण्णा माझ्या उंबऱ्यावर बसले. चप्पल तशीच सुटी पडली होती, मी सुतळी आणून दिली तर हातात घेऊन बसून राहिले.

"एकटीनंच बांधली असंल तिनं तिथं," म्हणाले. "आनि मी हितं बसून तिच्यासाठी भीत हुतो." सुतळी बोटाभोवती गुंडाळली. "आता म्या काय करायचं, वैनी?"

मी चहा ठेवायला उठले. बाहेर येऊन बघते तर आण्णा उंबऱ्यावरच होते, सुतळीला गाठ मारत होते, एक वेढा जास्त देऊन, टोकं लांब ठेवून.