हरणाऱ्यांसाठी इस्त्रीचे शर्ट

इथे अमेरिकेत कॉलेजच्या बोटींची रेस बघायला येणारे आईबाप काय काय घेऊन येतात ते मी चांगलं पाहिलं आहे. फोल्डिंगच्या खुर्च्या, थर्मास, दुर्बिणी, क्लबच्या लाल रंगाचे मफलर. घाटगे काका हँगरला लावलेले शर्ट घेऊन येतात. चौकड्यांचे, रेघारेघांचे, कडक इस्त्रीचे. ते गाडीच्या मागच्या बाजूला असे ओळीने लटकत असतात की पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा लाँड्री चालवतो.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काका, हे कुणासाठी?"

"हरणाऱ्यांसाठी," ते म्हणाले. "कॉलरला हात लावू नका, लेले."

माझी मुलगी सानिका तेव्हा नुकतीच कॉलेजच्या रोइंग क्लबात कॉक्स झाली होती. कॉक्स म्हणजे वल्हं न मारता होडीच्या टोकाला बसून सुकाणू धरायचं आणि समोरच्या आठ धिप्पाड माणसांवर ओरडायचं. घरात तिला याची भरपूर सवय होती. पण तिची ती पहिली रेस, आणि हा गृहस्थ हरण्याची तयारी करून आलेला! काय अपशकुनी माणूस आहे, असं मी बायकोच्या कानात म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं.

मग शर्टांचं कोडं उलगडलं. या खेळात एक जुनी रीत आहे. जी बोट हरते तिच्यातल्या प्रत्येकाने आपल्या अंगातला शर्ट काढायचा आणि जिंकलेल्या बोटीत आपल्याच जागेवर बसलेल्या माणसाशी हात मिळवून त्याला द्यायचा. मुली आत दुसरा घालून येतात. मुलगे मात्र एप्रिलच्या वाऱ्यात उघडेबंब कुडकुडत उभे राहतात, आणि त्यांच्यामधून घाटगे काका हँगर घेऊन फिरतात. आपलं कॉलेज, परकं कॉलेज असा भेद नाही. आयुष्यभर पुलांची कामं केलेला इंजिनिअर, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं, पण धक्क्यावर त्यांचे शब्द दोनच. "वेअर. कोल्ड." पोरं निमूटपणे घालतात.

निळ्या चौकड्यांचा एक शर्ट मात्र दर वेळी तसाच परत जायचा. एकदा बाकीचे सगळे संपले आणि एक पोरगा दात वाजवत उभा होता, म्हणून मी तो निळा उचलला. काकांनी तो माझ्या हातातून जवळजवळ हिसकावला आणि अंगातलं स्वतःचं जाकीट काढून पोराला दिलं. मग घरी जाईपर्यंत शिंकत बसले.

काका मूळचे सांगलीचे. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती बघत वाढलेले, त्यामुळे इथल्या नदीवरही आपला वंशपरंपरागत हक्क आहे असं त्यांना वाटतं. पहाटे उठून पिस्कॅटवेच्या घरून ते बोटहाऊसला जातात, पाण्यात वाहून आलेल्या फांद्या आकड्याने बाजूला ओढतात, आणि धक्क्यावर घाण करणाऱ्या मोठाल्या करड्या बदकांशी भांडतात. "हुड्! हुड्! लाज नाही वाटत?" असं शुद्ध मराठीत. क्लबातल्या साऱ्या पोरांना आता बदक दिसलं की 'हुड्' म्हणायची सवय लागली आहे. नदीकाठी 'जिंकणार' हा शब्द उच्चारायला त्यांची सक्त बंदी. कुणी बोललाच तर ओठांवर बोट ठेवून म्हणतात, "हळू बोला, पाणी ऐकतंय."

एवढं सगळं करून मागणं काही नाही. क्लबने त्यांना एकदा टोपी दिली, ती त्यांनी बदकांना हाकलायला वापरली.

तर, एप्रिलमधली एक रेस सानिकाच्या बोटीने जिंकली. मी आनंदाने उडी मारतो न मारतो तोच त्या आठ जणांनी माझ्या मुलीला हातापायांना धरून उचललं, झोके दिले आणि सरळ नदीत भिरकावलं. पाण्यात! तेही असल्या थंडीत! माझं डोकं सणकलं. बूट न काढता मी धक्क्यावर धावलो. कुणाची तरी गचांडी धरायची एवढंच मनात होतं. सानिका पाण्यातून डोकं वर काढून ओरडत होती, "बाबा, डोन्ट! प्लीज, डोन्ट!"

आणि मागून माझीच गचांडी कुणीतरी धरली.

"थांबा, लेले." काकांची पकड त्या वयातही जबरदस्त होती. "जिंकल्यावर कॉक्सला पाण्यात टाकतात. रीत आहे त्यांची. बापानं मध्ये पडायचं नाही."

सानिका हसत बाहेर आली, मैत्रिणींच्या गळ्यात पडली. मी ओशाळून बाकावर बसलो. काका शेजारी बसले. बदकांकडे बघत, मी न विचारताच सांगायला लागले.

त्यांचा मुलगा रणजित याच क्लबात होता. पाच नंबरच्या जागेवर वल्हं मारायचा. शेवटच्या वर्षीची मोठी रेस त्यांची बोट हरली. काका रेस बघायला प्रथमच आले होते.

"मला काय ठाऊक ही रीत?" काका म्हणाले. "गोऱ्यांच्या त्या गर्दीत माझा एकटा सावळा पोरगा, मान खाली घालून अंगातला शर्ट उतरवतोय आणि दुसऱ्याच्या हातात देतोय. मला वाटलं, हरला म्हणून सगळ्यांदेखत उघडा करतायत त्याला. मी घुसलो. त्या दुसऱ्या पोराच्या हातातून शर्ट ओढून घेतला. ढकललं त्याला. काय काय बोललो, मराठीत, इंग्रजीत. बायको मागे ओरडत होती. मी ऐकतोय कसला! शर्ट घेऊन गाडीत जाऊन बसलो."

"आणि रणजित?"

"पाठोपाठ आला. म्हणाला, बाबा, मी नुसता हरलो होतो. तुम्ही मला चीटर केलंत. शर्ट परत द्यायला धावला, तोवर त्यांची बस गेलेली. त्यानंतर वल्ह्याला हात लावला नाही त्यानं. सिएटलला गेला. फोन आईला करायचा. ती गेली. आता दिवाळीला मेसेज येतो. हॅपी दिवाली, बाबा."

मी आपला "अहो, होतं असं" म्हणालो. असल्या वेळी मी हमखास असलंच काहीतरी बोलतो.

"त्या दिवशी रेसनंतर सगळे जेवायला जाणार होतो," काका उठता उठता म्हणाले. "त्याच्यासाठी घरनं शर्ट आणला होता. निळ्या चौकड्यांचा."

मे महिन्यात क्लबने माजी विद्यार्थ्यांची रेस ठरवली. रणजितच्या शेवटच्या वर्षीच्या त्याच दोन बोटी, तीच माणसं, पुन्हा एकदा. रणजितने येतो म्हणून कळवलं होतं. क्लबला. काकांना ते कोचकडून कळलं. तो आठवडाभर काकांनी बदकांना एका शब्दाने दुखावलं नाही, आणि मलाही झोप लागेना. पोरगा बापाशी बोलेल का? आणि बापाने पुन्हा काही करून ठेवलं तर?

सकाळी रणजित भाड्याच्या गाडीतून उतरला. रुंद खांद्यांचा, कानाशी पिकलेला, चाळिशीतला माणूस. त्याने लांबूनच काकांकडे बघून मान हलवली आणि तडक बोटहाऊसमध्ये गेला. काकांनीही मान हलवली, पण तोवर दार बंद झालं होतं.

रेस सुरू झाली. सुटलेली पोटं, टकलं, गुडघ्यांना पट्टे, पण वल्ही पाण्यात पडली की तीच लय. काकांनी माझं मनगट असं आवळलं होतं की बोटांना मुंग्या आल्या. मी "कमॉन, रणजित!" म्हणून ओरडणार होतो, तर त्यांनी डोळे वटारले. पाणी ऐकत होतं. शेवटच्या वळणापर्यंत दोन्ही बोटी बरोबरीत होत्या. मग समोरची बोट पुढे सरकली आणि पुढेच राहिली.

रणजित पुन्हा हरला होता.

बोटी धक्क्याला लागल्या. माणसं उतरली, वाकून धापा टाकू लागली. मग रणजितने अंगातला लाल शर्ट डोक्यावरून काढला. माझ्या मनगटावरचा हात सुटला. बघतो तर काका धक्क्यावर निघालेले.

मी त्यांच्यामागे धावलो. रणजितच्या बोटीतला एकजण त्यांना ओळखून पुटपुटला, "ओ नो. मिस्टर घाटगे." रणजितचा चेहरा दगडासारखा झाला.

"बाबा," तो हळूच म्हणाला. "डोन्ट."

काका त्याच्या बाजूने तसेच पुढे गेले. समोरच्या बोटीतला पाच नंबर आता टक्कल पडलेला, दांडगा माणूस होता. काकांनी कोटाच्या आतून एक पिशवी काढली. पिशवीत एक लाल शर्ट होता, जुना, घडी घातलेला.

"धिस इज युवर्स," काका म्हणाले. "आय ॲम व्हेरी लेट. आय ॲम सॉरी."

त्या माणसाने शर्ट उलगडला, रणजितकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग काकांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन हलवला, आणि शर्ट मफलरसारखा गळ्यात टाकला. रणजितने हातातला नवा शर्टही त्याच्यापुढे धरला. तो त्याने बरोबरीच्या माणसाचा घ्यावा तसा घेतला.

वारा सुटला होता. रणजित उघडा उभा होता. काका गाडीपाशी गेले, निळ्या चौकड्यांचा शर्ट घेऊन आले. हँगर काढला. शेवटी त्यांच्या तोंडून निघालं ते नेहमीचंच.

"वेअर. कोल्ड."

रणजितने शर्टाकडे पाहिलं. ओळखला बहुतेक. त्याने बाह्यांत हात घातले. खांद्यांत शर्ट ताणला, आणि पुढे बटणं काही काजांपर्यंत पोचेनात. काका पुढे होऊन दोन्ही टोकं जवळ ओढू लागले.

"आटला असेल," ते म्हणाले. "दर वेळी धुवून इस्त्री करतो ना."

"आटला नाही, बाबा. मी वाढलोय."

काकांचे हात शर्टावरच थांबले. त्यांनी मान वर करून त्याच्या खांद्यांकडे, पोटाकडे, कानाजवळच्या पांढऱ्या केसांकडे नीट पाहिलं.

"आता कुठला साइज लागतो रे तुला?" त्यांनी विचारलं.

मला पुढचं ऐकवेना. डोळे भरून आले होते आणि सानिका समोरून येत होती. मी तोंड फिरवलं आणि हुड्, हुड् करत बदकांच्या मागे लागलो.