सरळ केलेलं घर

वाकडा फोटो सरळ करण्यात इंग्लंडमधल्या अख्ख्या रीडिंग गावात माझा हात धरणारा कोणी नाही! डिजिटल कॅमेऱ्याची वाइड लेन्स भिंती वाकवते, दारं तिरकी पाडते. मी कॉम्प्युटरवर बसलो की सगळं ताठ.

शाल्मली बाळंतपणाला नागपूरला गेली होती, तेव्हा विकत घ्यायचं घर मी एकट्यानेच पाहिलं. फोटो काढले. भिंती कललेल्या आल्या होत्या, त्या ओळंब्यात आणल्या आणि फोटो नागपूरला ईमेल केले. बायको खूश, सासरे खूश! मित्र म्हणाले, सर्व्हेयरला बोलावून तपासून घे. फोटोत सगळं दिसत असताना सर्व्हेयर कशाला? घेऊन टाकलं घर.

शाल्मली बाळाला घेऊन आली आणि प्रकार सुरू झाले. बंद केलेलं बेडरूमचं दार सावकाश उघडायचं. बाळाची रिकामी प्रॅम कुणी ढकलावी तशी निघायची आणि खिडकीशी जाऊन थांबायची. रोज त्याच खिडकीशी. जिना उतरताना कुणीतरी मला खांद्याला धरून बाजूला ओढतंय असं वाटायचं. वरवर मी हसायचो, पण पाचावर धारण बसली होती.

"मिलिंद, इथे कोणीतरी आहे," शाल्मली एका दुपारी शांतपणे म्हणाली. "मी बाळाला घेऊन नागपूरला जाते. तू बघ तुझं."

हातापाया पडून मी तिला वास्तुशांतीपर्यंत थांबवलं. पूजा सांगायला लंडनमधल्या एजवेअरहून पद्माकरकाका आले. मंत्र ऐन रंगात असताना प्रॅम त्यांच्या मागून खिडकीकडे गेली. काकांनी मंत्र न थांबवता आपला पाट दाराजवळ सरकवला.

काका गेले आणि शाल्मलीने बॅग काढली. घर किती छान आहे ते तिला दाखवावं म्हणून मी शेजारणीने काढलेला पूजेचा फोटो कॉम्प्युटरवर उघडला. भिंती नेहमीसारख्या कललेल्या होत्या, त्या सवयीने सरळ केल्या. भिंती ताठ झाल्या आणि आम्ही सगळे एका बाजूला झुकलो. काका झुकले, शाल्मली झुकली. बंद खोलीत समईची ज्योतसुद्धा तिरकी जळत होती. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

शाल्मलीने मला मूळ फोटो परत उघडायला लावला. त्यात ज्योत सरळ होती, माणसं सरळ होती. कलली होती ती फक्त खोली.

"म्हणजे भूत नाहीये," ती म्हणाली. "घरच कलतंय."

"हो," मी कसाबसा म्हणालो.

तिचा जीव भांड्यात पडला. तिने बॅग माळ्यावर टाकली, प्रॅमच्या चाकाखाली पाट लावला आणि तेव्हापासून ती गाढ झोपते. मला मात्र डोळा लागत नाही. भूत असतं तर काकांना पुन्हा बोलावता तरी आलं असतं हो!