मानेतला जॉबर

उस्मानचाचा चारचौघांत एकदम असे कधी उठलेच नाहीत. आधी पुढे सरकायचे, मग पायांची बोटे हलवायची, मग मोठ्याने दहा आकडे मोजायचे आणि मगच उभे राहायचे. शेजारी बसलेल्यालाही मनगट धरून बसवून ठेवायचे. "ठहरो. मानेतल्या जॉबरला खबर पोचू दे."

हा जॉबर त्यांचा लाडका विषय. चाचांचे आठ लूम, म्हणजे यंत्रमाग होते. लूमवरचा ताणा, म्हणजे उभे धागे, ढिला पडला की जॉबर, म्हणजे मागांचा मिस्त्री, तळहाताने चाचपतो आणि पुन्हा नीट करतो. तसाच एक जण मानेच्या नसेत ड्युटीवर असतो, असे डॉक्टरकडून ऐकून त्यांनी ठरवून टाकले होते.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून खातरजमा माझ्याकडे. मी सांगितले, रक्ताचा दाब वाढला की मानेतली धमनी ताणली जाते, तिथले मज्जातंतू मेंदूला भराभर निरोप धाडतात आणि हृदय सावकाश होते. उठल्यावर दाब उतरला की निरोप कमी होतात, हृदय पळू लागते.

"म्हंजे जॉबरच," चाचा म्हणाले. माझ्या पदवीचा विषय तिथेच संपला.

न्हाव्याला ते मान दाबू देत नसत. रविवारी आमच्याकडे टीव्हीवर सिनेमा संपला की चाचा आणि त्यांची बायको, आमची चाची, दारातच बसलेले असायचे, त्यामुळे अख्खी आळी दहा आकडे होईपर्यंत खोळंबायची. आम्ही पोट धरून हसायचो.

एकदा चाची शेलार गावी माहेरी गेली असताना मी त्यांच्या कारखान्यात गेलो. कोपऱ्यातल्या लूमवर धागे तुटले आणि चाचा स्टुलावरून ताडकन उठून पळाले. लूम बंद करून वळले तो समोर मी.

"चाचा, आकडे?"

ते ओशाळले. "माझा जॉबर ठीक हाय, मास्तर. तुमच्या चाचीचा सुस्त झालाय. उठली की डोळ्यांपुढं अंधेरी. भर लग्नात पडली, तवापासून शरमेनं कुठं यायलाच तयार न्हाय. आता मी नाटक करतो, लोक मला बघतात. तिच्याकडं कोण बघत न्हाय."

आमच्या हसण्याची मला फार लाज वाटली.

पुढच्या रविवारी सिनेमा संपला. चाचा पुढे सरकले, आकडे सुरू झाले. मीही खुर्चीतच बसून त्यांच्याबरोबर मोजू लागलो. दहा झाल्यावर चाची दाराची चौकट धरून अलगद उभी राहिली.

"यांच्या नादी लागू नका, मास्तर," ती हसत म्हणाली, "लोक तुम्हालाबी येडं म्हणतील."