गुल्हानेसाहेब आणि लाकडी बुजगावणं

गुल्हानेसाहेब चहाला आले की दोन कप मागतात. एक आपण केला असेल तो, आणि दुसरा त्यात आज जे जास्तीचं पडलं असेल ते वगळून. आलं घातलं असेल तर एक बिनाआल्याचा. आधी बिनाआल्याचा घोट, मग आल्याचा, मग डोळे मिटून जीभ टाळ्याला लावून पाहायची. मग निकाल: "फरक हाय, मॅडम. आलं लागलं." पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, माणसाला पथ्य वगैरे असेल. नंतर कळलं, तब्येत ठणठणीत आहे, ही खोड फार्मवरची आहे.

यवतमाळच्या आमच्या कॉलनीत भिंतीला भिंत लागून आमची घरं. मी शाळेत विज्ञान शिकवते. साहेब एका बियाणे कंपनीच्या फार्मवर कपाशीच्या नव्या वाणांची चाचणी घ्यायचे. तिथं नव्या वाणाच्या बाजूला एक जुनं, माहितीतलं वाण लावतात, म्हणजे नव्याची तुलना कशाशी करायची हा प्रश्न राहत नाही. त्या जुन्याला म्हणतात 'चेक'. साहेबांनी निवृत्तीच्या आधीच नोकरी सोडली, पण चेक काही त्यांना सोडेना. कोणी काही ठासून सांगितलं की त्यांचा प्रश्न तयार असतो, "चेक कुठी हाय?"

डॉक्टरांनी एकदा विचारलं, गोळीनं बरं वाटलं का? साहेब म्हणाले, "वाटलं जी. पण गोळी न घेतलेला मी कुठी हाय? तो बी बरा झाला असता तं?" समोरच्या देशमुखबाईंनी नवस फेडल्याचे पेढे दिले, मुलगा पास झाला म्हणून. साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "नवस न केलेले किती पास झाले?" देशमुखबाई त्यानंतर बरेच दिवस आमच्या बाजूच्या फाटकाकडे बघतसुद्धा नव्हत्या, आणि त्यात माझा काही दोष नव्हता.

हा माणूस इंटरनेटवरच्या खेळात कसा अडकला ते सांगते. त्यांची मुलगी मीनल नोकरीला पुण्याला गेली आणि जाताना तिचा मोठा कॉम्प्युटर घरी ठेवून गेली. ती एक खेळ खेळायची. त्यात प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, राक्षस मारायचे, अंगठ्या आणि चिलखतं मिळवायची. देशोदेशीचे लोक एकाच वेळी त्या राज्यात हिंडत असतात. जाताना ती म्हणाली, "बाबा, माझं पात्र नुसतं पडून राहील. रोज थोडं खेळवत जा." तुळशीला पाणी घालायला सांगावं इतक्या सहज म्हणाली. त्या दिवसापासून खुर्चीत बनियान आणि जाड चष्म्यातले गुल्हानेसाहेब, आणि पडद्यावर हिरव्या केसांची, पाठीला धनुष्य लावलेली एक तरुणी, असं दृश्य आम्हाला खिडकीतून दिसू लागलं. तिचं नाव वनराणी.

या वनराणीला वीज पाडण्याची विद्या येत होती. बाकीचे खेळाडू ती राक्षसांवर वापरतात. साहेब तिला घेऊन गावाबाहेरच्या सरावाच्या मैदानावर गेले. तिथं एक लाकडी बुजगावणं उभं असतं. त्याच्यावर वीज पाडली की डोक्यावर आकडा उमटतो, किती इजा झाली त्याचा. साहेबांनी एक वीज पाडली, मग दुसरी. दोन आकडे जरासे वेगळे आले. ते तसेच अनवाणी आमच्या दारात.

"मॅडम, हे तं उत्पादनासारखं निघालं! एकाच वावरात दोन ओळी सारख्या पिकत नाहीत, तसं. सरासरी काढा लागते बाप्पा!"

खरं सांगते, मलाही राहवलं नाही. वीज कशानं वाढते? ताकदीनं, बुद्धीनं, की धनुष्य भारी असल्यानं? खेळ बनवणाऱ्यांनी सांगितलेलं नसतं, आपणच शोधायचं. साहेबांचा नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वनराणीच्या अंगावरचं चिलखत, अंगठ्या, मुकुट, सगळं उतरवून ती साध्या झग्यावर उभी. मग एक अंगठी चढवायची आणि बुजगावण्यावर विजा. अंगठी काढायची, दुसरी चढवायची, पुन्हा विजा. दुपारी मैदान रिकामं असायचं म्हणून वेळही दुपारची धरलेली. कोणी परका खेळाडू तिकडे फिरकला तर साहेब हात थांबवून तो जाईपर्यंत बसून राहायचे. फ्रिजच्या दारावर काकूंनी लावलेल्या लोहचुंबकांत आता आलेखाचे कागद लटकत होते.

काकू म्हणजे सुमनकाकू, साहेबांच्या सौभाग्यवती. त्यांचा या खेळाला विरोध नव्हता, फक्त एक गोष्ट त्यांना खटकली. पोळ्या लाटता लाटता त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, पोरीच्या हातातल्या बांगड्या तं राहू द्या. भुंडे हात बरे दिसत नाहीत." साहेबांनी बायकोचं मन मोडलं नाही. बांगड्या राहिल्या. आणि आकडे काही केल्या हिशेबात बसेनात. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या ध्यानात आलं की त्या बांगड्याच बुद्धी वाढवत होत्या. सगळ्या चाचण्या फुकट.

"तुह्या बांगड्याइनं माह्ये आकडे खाल्ले!" साहेब ओरडले.

काकूंनी तव्यावरची पोळी उलटली. "बांगड्या भरल्यानं बुद्धी वाढते, हे तुमाले आता समजलं?"

साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी आलेख असा सरळ आला की मी तो वर्गात दाखवायला मागितला. वीज बुद्धीनं वाढते, ताकदीनं नाही. आता फक्त सांगायचं बाकी होतं.

सांगायचं होतं टोळीला. मीनल आणि तिचे चार-पाच मित्र, कोणी नागपूरचा, कोणी भोपाळचा, मिळून खेळायचे; आता मीनलच्या जागी साहेब वनराणीला घेऊन त्यांच्यात जात. त्यांनी वनराणीसाठी खूप मेहनतीनं ताकद किंवा बुद्धी वाढवणारे मणी साठवले होते. ते एकदाच खर्च करता येतात, परत मिळत नाहीत. ताकदीत घालायचे की बुद्धीत, हे साहेबांच्या आकड्यावर ठरणार होतं. "साहबजी बोलेंगे, वहीं डालेंगे," असं त्या पोरांचं ठरलेलं. त्यांच्यातल्या कोणी साहेबांना प्रत्यक्ष पाहिलेलंही नव्हतं.

आणि साहेब सांगेनात. "अजून एकदा पाहू," रोज तेच. पोरं कंटाळली. त्यात मीनलनं फोनवर वेगळीच शंका काढली. "बाबा, टोळीत असताना तुमची वीज भलतीच जोरात पडते. तुमच्या आलेखात ते बसत नाही."

"तिथी गर्दी असते. कोणाचं काय लागून राह्यलं, सांगता येते का? ट्रायल एकट्यानंच घ्या लागते."

मी म्हटलं, "साहेब, सांगून टाका ना. आकडे तर चोख आहेत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, माह्या आकड्यावर कोणी काही पेरलं, का मले धडकी भरते." आणि पुन्हा बुजगावण्याकडे वळले. एका खेळासाठी हा माणूस इतका का घाबरतो, ते मला कळेना. डबा परत द्यायचं निमित्त करून मी काकूंना स्वयंपाकघरात गाठलं.

काकूंनी दार जरा लोटून घेतलं आणि सांगितलं. राळेगावकडच्या एका खेड्यात पुरुषोत्तमभाऊ म्हणून साहेबांचे शाळेपासूनचे दोस्त. दोघं एका सायकलवर डबलसीट शाळेत जायचे. साहेबांच्या फार्मवर एक वाण चांगलं उतरलं. साहेबांनी सांगितलं आणि पुरुषोत्तमभाऊंनी डोळे झाकून ते आपल्या वावरात लावलं. तेच नेमकं बोंडअळीचं साल. बोंडं बाहेरून भरलेली, फोडली की आत गुलाबी अळी आणि सडलेली सरकी. "तिकडून कोणी काही बोललं नाही. पण ह्यायनं नोकरी सोडली, अन राळेगावची बस काही धरली नाही त्यानंतर," काकू म्हणाल्या. "दोस्ताचं नाव काढलं का उठून जातेत."

मला वाईट वाटलं. त्यांच्या दोन कपांच्या चहाला मी इतके दिवस हसत होते, आणि इकडे हा माणूस आतल्या आत झुरत होता.

एका रविवारी दुपारी साहेबांनी मला साक्षीला बोलावलं. आज अखेरची चाचणी, मग टोळीला सांगणार. वीज पाडणं सुरू झालं. आकडे नेहमीसारखे. आणि एकाएकी आकडा टुणकन वर गेला.

"आँ?"

पुन्हा वीज. पुन्हा मोठा आकडा. साहेब पडद्याला नाक लावून बघू लागले. वनराणीच्या मागं एक बुटका, दाढीवाला गडी उभा होता.

"कोण शिरलं माह्या प्लॉटात? बाहेर निघ!"

फोन वाजला. पुण्याहून मीनल. "बाबा, मी आहे. माझं दुसरं पात्र. तुम्ही रोज दुपारी एकटेच उभे असता, म्हटलं जरा सोबत करावी."

"सोबत नाही पाह्यजे. बाजूले हो."

बुटका बाजूला झाला. वीज पडली. आकडा पहिल्यासारखा, लहान. साहेबांचा हात थांबला.

"मीनल, ये बरं जवळ."

ती आली. आकडा वर. "जाय." खाली. "ये." वर. "जाय." बिचारी पोर नवरात्रातल्या गरब्यासारखी पुढे-मागे करत होती. "बाबा, मी माणूस आहे हो," ती फोनवर म्हणाली. साहेबांनी ऐकलंच नाही. "तुह्या दोस्ताइले बोलाव," म्हणाले. नागपूरवाला आला, भोपाळवाला आला, एकेक करून सगळे वनराणीभोवती उभे राहिले, आणि एकेक जण आला तशी वीज वाढत गेली. शेवटची तर अशी पडली की काकू हात पुसत बाहेर आल्या. कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून पोरं ओरडत होती, "साहबजी, क्या बात है!"

मीही टाळ्या वाजवल्या. साहेब मात्र खुर्चीत मागं टेकून बसले होते. चेहरा उतरलेला.

"मॅडम, हिची वीज संगतीनं वाढते. अन मी रोज साऱ्याइले हाकलून मोजून राह्यलो होतो."

"पण सापडलं ना आता?"

"फार्मवर बी म्या हेच केलं." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तारेचं कुंपण. कुंपणाबाहेर कपाशीचं एक झाड नाही. असा प्लॉट चांगलाच येईन नं! पुरुषोत्तमच्या वावराले चारी बाजूनं शेजार. फरदड ठेवलेली, म्हंजे वेचणी झाल्यावर बी उन्हाळ्यापर्यंत उभी कपाशी, अळी तिथीच मुक्कामाले. तो शेजार म्या मोजलाच नाही. माहा आकडा खरा होता, पण तो कोणाच्याच वावराचा नव्हता."

त्यांनी पोरांना सांगितलं, मणी तुम्हाला वाटेल तिथं घाला, फक्त वनराणीला सोडून जाऊ नका. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, राळेगावले चालता का संगं? तुम्ही विज्ञानाच्या हाय. तुम्ही सांगसान तं त्याले पटन."

आम्ही एसटीनं गेलो. साहेब वाटभर खिडकीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होते. सोबत आलेखाचे कागद घेतले होते. फाट्यावर उतरल्यावर ते घुटमळले. दुपट्टा खांद्यावरून काढून पुन्हा टाकला, पुन्हा काढला. मला भीती वाटली, हे इथूनच परत फिरतात की काय.

पुरुषोत्तमभाऊ अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. उंच, हाडापेरानं मजबूत माणूस. त्यांनी वर पाहिलं, बाजेकडे बोट दाखवलं आणि सोलत राहिले. साहेब उभ्या-उभ्याच सुरू झाले. वीज, बुजगावणं, बुटका, कुंपण, फरदड, अळी, सगळं एका दमात. मला मध्ये एक शब्द बोलू दिला नाही. कागद पुढे केले. पुरुषोत्तमभाऊंनी कागदांकडे पाहिलं नाही.

"झालं?"

"हो."

"हे मले त्याच हिवाळ्यात समजलं होतं. अबे, फरदड तं माह्याही वावरात होती. साऱ्या गावाचा कापूस गेला त्या साली. तुह्या आकड्याले कायले नाव ठेवू?"

साहेबांचे ओठ हलले. "मंग मले बोलला काहून नाही?"

"बोलाले तू आलता का?" पुरुषोत्तमभाऊंनी हातातली शेंग सुपात टाकली. आता पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "पोराच्या लग्नात पहिली पंगत थांबवली म्या. पानं वाढून तयार. लोक म्हणत, भात थंडा होऊन राह्यला. म्हटलं थांबा, माहा दोस्त येऊन राह्यला यवतमाळहून. फाट्यावर गाडी पाठवली. गाडी रिकामी आली. कापूस गेला त्याचं काही नाही, लेका, कापूस दरसाल जाते-येते. तू आला नाही, ते मले लागलं."

साहेबांनी दुपट्टा तोंडाला लावला आणि रडले. मला कुठं बघावं ते कळेना, माझेही डोळे भरून आले होते. पुरुषोत्तमभाऊ उठले, साहेबांच्या हातातले कागद घेऊन बाजेवर ठेवले आणि आत वळून सुनेला हाक मारली.

"पानं वाढ वो बाई. आमची पंगत राह्यली हाय."