आप्पांची कानस

आमचे शेजारी आप्पा कुणाकडे जेवायला गेले, की आधी वाटी उचलतात, कानाशी धरून टिचकी मारतात आणि यजमानीणबाईंना विचारतात, "ही कुठनं घेतली?" ती माउली घाईघाईने वाटी बदलून आणते. कारण दौंडच्या पेठेत आप्पांचं टंच काढायचं दुकान आहे. टंच काढणं म्हणजे दागिन्यात खरा माल किती आणि भेसळ किती, हे सांगणं.

माझं झेरॉक्सचं दुकान त्याला चिकटून आहे आणि मधल्या भिंतीत खिडकी आहे, म्हणून सगळा तमाशा मला फुकटात दिसतो. आप्पांकडे पेटीएवढं मशीन आहे. दागिना आत ठेवून झाकण लावलं की त्यावर खालून एक्सरे पडतो आणि सोनं, तांबं, जस्त, अगदी नावापुरतं कॅडमियम असलं तरी तेसुद्धा पडद्यावर उमटतं. "एक्सरे पडला की परत्येक धातू आपापलं नाव सांगतो," आप्पा गिऱ्हाइकाला समजावतात. "पोलिसानं दम दिल्यावानी."

पण या मशीनला फक्त वरचा पापुद्रा दिसतो. मुलामा जाड असला की ते खुशाल फसतं. म्हणून आप्पांचा खरा जीव खिळ्याला टांगलेल्या कानशीवर. शंका आली की ते कोपऱ्यात कानस मारून आतला धातू उघडा करतात आणि मग टंच काढतात. "वरवरचं मशीन सांगतंय, आतलं कानस सांगती," हे वाक्य ते दिवसभर म्हणतात. माझ्या नव्या जावयाबद्दल मत विचारलं, तर म्हणाले, "वरून बावीस कॅरेट दिसतोय. कानस मारल्याबिगर मी काय बोलणार न्हाई."

कुणी काही दाखवावं आणि आप्पांनी ते मशीनमध्ये घालावं. देवळाची घंटा झाली, दातावरची टोपी झाली. एका पुढाऱ्याचं सुवर्णपदक त्यांनी भर पेठेत जस्ताचं ठरवलं. पुतण्याच्या साखरपुड्यात मुलीकडच्यांनी त्याला घातलेली अंगठी बघायला म्हणून मागून घेतली आणि मांडवामागे जाऊन घासली. सोयरीक मोडता मोडता वाचली. तेव्हापासून कासुर्डीच्या त्यांच्या भावकीतून आप्पांना पत्रिका येते, पण फार उशिरा.

परवा वडगाव रासाईहून एक म्हातारी आली, सोबत सून. म्हातारीने मनगटातला गोठ ओढून काढला. चांदीचा जाडजूड गोठ, नातीच्या लग्नात तिच्या हातात घालायचा होता.

"आमच्या धन्यानं मेंढरं इकून केल्याला हाय," ती म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं हातात हाय."

"आत्याबाई म्हंत्यात चांदीचा हाय," सून म्हणाली. "पोरीच्या सासरी हसं नगं. मशिनीत घाला, म्हंजी कळंल."

"घाला की," म्हातारी म्हणाली. "त्यांनी मला फसवलं न्हाई कवा." पण तिचा हात गोठावरून लवकर निघाला नाही.

आप्पांनी गोठ तळहातावर तोलला. आतल्या बाजूला, मनगटावर घासून घासून, पिवळट झाक आली होती. ती मला खिडकीतून दिसली, म्हणजे आप्पांना दिसलीच असणार. मी झेरॉक्स सोडून मान पुढे काढली. आता म्हातारीचं काही खरं नाही, असं मला वाटलं.

आप्पांनी घासलेली बाजू वर केली, चकचकीत बाजू एक्सरेच्या तोंडावर ठेवली आणि झाकण लावलं. पडद्यावर चांदी उमटली, भरघोस.

"चांदी हाय," आप्पा म्हणाले.

"कानस मारून बघा की," सून म्हणाली. "तुमी मारता म्हंत्यात."

"कानशीचे दात गेल्यात."

कानस नवीकोरी होती. म्हातारीने गोठ कपाळाला लावला, पुन्हा हातात चढवला आणि सुनेच्या पुढे चालत पायरी उतरली.

ती वळणावर गेल्यावर मी आप्पांना गाठलं. "काय हो, आत पितळ होतं ना?"

"हातात घेतलं तवाच कळलं."

"मग खोटं बोललात."

"मी कुठं बोललो? मशीन बोललं."

मी हसलो. आप्पा हसले नाहीत. ते मशीनची काच पुसत बसले.

"मशीन आणलं त्या दिवशी पयली आमच्या हिची बोरमाळ घातली त्यात," ते म्हणाले. "तिच्या आईनं दिल्याली. एका मण्याला कानस मारली. आत निस्तं तांबं. लई हुशारीनं सांगितलं मी तिला, पेढा वाटल्यावानी."

एरवी या माणसाचा मला राग यायचा, आज त्याच्यासाठी जीव तुटला.

"परत गळ्यात घातली न्हाई तिनं. मग मी नवी केली, बावीस कॅरेटची, सवता टंच काढून. ती कपाटातच हाय. म्हणती, ही तुमच्या मशिनीची हाय. माझ्या आईची तुमी घासून टाकली."