हिरूमावशीचे दात

कुणी भावात घासाघीस करू लागलं, की हिरूमावशी आधी मोठा आ करून तोंड दाखवायची. वरचे समोरचे चार दात गायब. त्या भगदाडाकडे बोट करून म्हणायची, "बघून घे. दात नाय, चावनार नाय. पन भाव उतरनार नाय!" डहाणूच्या बाजारात मामलेदार कचेरीतले कारकूनसुद्धा या तोंडापुढे गप्प होत आणि ती सांगेल त्या भावाने पापलेट घेऊन जात.

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं. मी डहाणूच्या शाळेत शिक्षिका होते आणि मासळीच्या बाबतीत शेजारच्या नरपड गावच्या या बाईची पूर्ण मिंधी. तिचा नवरा धर्माकाका एका मोठ्या तापातून उठला, तो डोकं हरवूनच. होडीवर जाणं सुटलं, माणसं ओळखेनासा झाला. घर हिरूमावशीच्या टोपलीवर चालायचं.

दात गेले होते जाळ्याच्या ओल्या गाठी दातांनी सोडवून. त्याचं तिला दुःख नव्हतं, उलट ती ते मिरवायची. दुःख होतं तिच्या मुलाला, जगनला. तो रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चिकटला होता आणि आई फलाटावर हसली की याची मान खाली.

"लाज वाटते तर टोपलीकडं बघ," ती म्हणायची. "तोंडाकडं बघायला कोन सांगतो तुला?"

शेवटी जगनने मला मध्ये घातलं. आम्ही दोघांनी तिला गावातल्या पारशी दंतवैद्याच्या खुर्चीत नेऊन बसवलं. म्हातारा फार गोड माणूस.

"जो, बघ हिरूबाय, दोन रस्ते हाय," तो म्हणाला. "एक ब्रिज. बाजूचे दोन सुळे जरा घासायचे, त्यांच्यावर चार दात पक्के बसवायचे. दुसरी कवळी. दिवसा घालायची, रात्री काढून पाण्यात ठेवायची."

"म्हंजे बोंबील!" हिरूमावशी ओरडली. बोंबील वाळवताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूवर टांगतात, हे तिने त्याला हातवारे करून समजावलं. "तसे चार दात तू माज्या सुळ्यांवर टांगनार. आनि त्यापायी धडधाकट सुळ्यांना कानस लावनार? एवढी वर्सं इमानानं राहिले, ही त्यांची बक्शिशी?"

"बरं, मग कवळी घे."

"नि मी बोंब मारली, ती उडून गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडली, तर पापलेटाच्या भावात देऊ?"

पदर खोचून ती खुर्चीतून उतरली. जगन विनवत राहिला, दंतवैद्य हसून हसून डोळे पुसत राहिला. दुसऱ्या दिवशी सबंध बाजाराला तिने हा खटला साभिनय ऐकवला. त्यानंतर दातांचा विषय काढणाऱ्याची ती खैर ठेवत नसे. मला तर तिचा हेवाच वाटायचा. आमच्या बायका चारचौघांत चष्मा लावायला लाजतात, आणि ही आपलं भगदाड झेंड्यासारखं मिरवत फिरते!

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी सुके बोंबील आणायला मी नरपडला तिच्या घरी गेले. ओसरीवर ती धर्माकाकाला भात भरवत होती. माझी चाहूल लागताच वळून हसली आणि मी जागीच थांबले. वर चार पांढरेशुभ्र दात.

"मावशी, कवळी?"

"हळू! बाजारात बोलाल तर बघा." मग आवाज उतरवून म्हणाली, "तापानंतर हे मागं गेलेत बाय, आमच्या लगनाच्या वक्ताला. दातवाल्या हिरूला हाका मारतात. मला म्हनतात, ही म्हातारी कोन शिरली घरात?"

कुणाला न सांगता ती पुन्हा दंतवैद्याकडे गेली होती. सुळ्यांना मात्र तिने हात लावू दिला नव्हता. कवळी दिवसभर घातली की हिरडी सुजायची, म्हणून ती फक्त संध्याकाळी, नवऱ्याला जेवू घालण्यापुरती.

धर्माकाकाने घास गिळला आणि तिच्याकडे डोळे भरून पाहिलं.

"आलीस ते बरं झालं, हिरू. सकाळी एक म्हातारी येते. बोळकी हाय. चा देते मला."

"तिला हाकलू नका हां," त्याचं तोंड पुसत हिरूमावशी म्हणाली. "तिला तुमच्याशिवाय कोन नाय."